चाळीस दिवसांचा नियम

सुभानपुरा, बडोदे
१८ नोव्हेंबर २०२४

आकांक्षा,

नावाच्या आधी काय लिहायचं ते सुचलं नाही. 'चि.' लिहायला हात होईना आणि 'प्रिय' तर खोटंच झालं असतं. म्हणून नुसतं नाव.

तू माझा फोन ब्लॉक केला आहेस. सुभानपुऱ्याहून फतेगंज रिक्षानं पंधरा मिनिटांवर, आणि तेवढ्यासाठी मी उद्या स्पीड पोस्टच्या रांगेत उभी राहणार. हे म्हणतात, "समोर जाऊन बोल." समोर जाऊन काय झालं ते तुला माहीत आहे. पत्र ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, पण फाडायचं तर वाचून फाड.

त्या सोमवारी तू मला धड बोलू दिलं नाहीस. मी दुकानात का आले होते ते आता ऐक.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, एक उंच म्हातारे गृहस्थ आमच्या दारात आले. हातात थर्माकोलचा खोका. सुभानराव घाटगे, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, तुझ्या दुकानापासून तीन गल्ल्या सोडून राहतात. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मोहितेबाई तुम्हीच ना? तुमचे मासे तुम्हालाच दाखवायला आणलेत. माझं काय चुकतंय तेवढं सांगा."

झाकण काढलं. आत सहा डिस्कस मासे, राखेच्या रंगाचे. निळ्याचा मागमूस नाही.

त्यांनी खिशातून वही काढली. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचं तापमान लिहिलेलं. कधी किती पाणी बदललं, काय खायला घातलं, सगळं. मांडीवर वही ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे ते माझ्यासमोर बसले. "मागच्या दिवाळीला घेतले. रंग महिन्या-दोन महिन्यांत उडाला. म्हटलं पाणी चुकलं. आरओ बसवला. वर्ष झालं, एकानं अंडं घातलं नाही. घरात म्हणतात, तुमच्या हाताला गुण नाही."

मी विचारलं, "घेतले तेव्हा केवढे होते?"

"दोन इंच. पण निळेशार! म्हणून तर घेतले. आणि पाटी होती तुमच्या नावाची."

दोन इंचांचा डिस्कस निळाशार. आकांक्षा, आठवीत असताना, आमच्या गच्चीवरच्या खोलीत पहिल्याच दिवशी मी तुला काय दाखवलं होतं? ॲमेझॉनचे हे सिक्लिड जातीचे मासे, लहानपणी मातकट असतात, रंग यायला आठ-दहा महिने लागतात, ज्याला घाई असेल त्यानं गोल्डफिश पाळावेत. तू वहीत लिहून घेतलं होतंस. दोन इंचांवर निळा दिसला तर त्याच्या पोटात हार्मोन घातलेलं खाणं गेलेलं असतं, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तो रंग उसना असतो. खाणं बंद झालं की उतरतो, आणि वर माद्या वांझ होतात.

मी सुभानरावांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मांडीवरची वही मिटली. मग म्हणाले, "म्हणजे मी वर्षभर उगाच स्वतःला दोष देत होतो?"

हे वाक्य घेऊन मी तुझ्या दुकानात आले. तुझ्या गल्ल्यामागे पाटी होती, 'मोहितेबाईंचं वाण'. मी शांतपणे विचारलं, "हे मासे कुठले?" तू म्हणालीस, "बाई, गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू." तेरा वर्षं मी तुला शिकवलं, आणि मला 'नंतर'?

पाटी मी काढून आणली. माझ्या नावाची होती, मी आणली. त्यात चोरी कसली?

मला तीन गोष्टी हव्यात. ते मासे कुठून आणलेस ते सांग. सुभानरावांच्या घरी जाऊन माफी माग. आणि माझं नाव पुन्हा कशावर लावू नकोस. एका भल्या माणसाला तू वर्षभर स्वतःच्या हाताला नावं ठेवायला लावलंस. मासे मेले असते तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. हे नाही.

उत्तर चार ओळींचं चालेल. कारणं नकोत.

सरोजिनी मोहिते


सुभानपुरा
३० नोव्हेंबर २०२४

आकांक्षा,

चार ओळी मागितल्या होत्या, तू पाच पानं पाठवलीस. कारणं नकोत म्हटलं होतं, तर चार पानं कारणंच आहेत.

पहिलं पान ठीक. कबूल केलंस हे बरं झालं. मागच्या दिवाळीत मागणी फार होती, माझ्याकडची पिल्लं पुरली नाहीत, कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याकडून चाळीस मागवलीस, खोका उघडल्यावर रंग बघूनच शंका आली, तरी विकलीस. 'शंका' म्हणू नकोस. तुला माहीत होतं. शंका मला येते, जेव्हा माझा विद्यार्थी 'शंका आली' म्हणतो.

दुसऱ्या पानावर तू मला विचारतेस की मी ग्रुपवर का टाकलं. चारशे मासेवाले आहेत त्या ग्रुपवर, मुंबईपासून कोची-कलकत्त्यापर्यंत, आणि त्यातल्या निम्म्यांशी तुझी ओळख मी करून दिली. मी माशांचे फोटो टाकले, तुझ्या दुकानाचा टाकला, आणि जे खरं होतं ते लिहिलं. दुकानाच्या फोटोत तू आलीस त्याला मी काय करू? लोकांनी ऑर्डरी रद्द केल्या, माशांच्या स्पर्धेच्या परीक्षक मंडळातून तुझं नाव काढलं, हे लोकांनी केलं. मी कुणाला 'काढा' म्हटलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, त्यांना सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का?

आणि हो, दुकानात माझा आवाज चढला होता. तू लिहितेस, रस्त्यापलीकडचा फरसाणवाला बाहेर येऊन "बेन, शांती राखो ने" म्हणाला. म्हणाला असेल. पाटी काढताना काच फुटली तीही माझ्याच हातून. लिहिलं नव्हतं, आता लिहिते. झालं समाधान?

आता चौथं पान.

तू लिहितेस: 'बाई, तुमचं वाण २०१९ मध्येच संपलं, माझ्या हातून. उरलेली दोन तुम्ही नंतर बदललीत, कुठूनतरी एक जोडी आणलीत आणि ती आपलीच वाचलेली जोडी म्हणून सगळ्यांना सांगितलंत. आपल्या माशांचे डोळे पिवळसर होते. या जोडीचे लाल डोळे मी आजाराचे समजले, पण पहिल्या पिल्लांचेही लालभडक निघाले तेव्हाच मला कळलं. तुम्ही माझी लाज झाकलीत म्हणून मी गप्प राहिले. पाच वर्षं मी लाल डोळ्यांचे मासे "मोहितेबाईंचं वाण" म्हणून विकले. मग दिवाळीला कलकत्त्याची पिल्लं विकताना माझा हात का अडखळावा?'

चोराच्या उलट्या बोंबा! तुझ्या कलकत्त्याच्या पापाची सुरुवात माझ्या घरात शोधतेस?

२०१९ चा फेब्रुवारी तुला आठवतो, मलाही आठवतो. ह्यांचं बायपास मुंबईला ठरलं होतं. तुला घराची किल्ली दिली, टाक्या सोपवल्या. नवव्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात तुझा फोन आला. तुझे शब्दच कळेनात, नुसतं रडणं. मासे काळे पडलेत, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेत, अंगावरची साल निघतेय. मी आले तोवर एकतीस गेले होते. सव्वीस वर्षं जपलेलं वाण. गच्चीवरच्या खोलीत तू फरशीवर बसली होतीस आणि एकच म्हणत होतीस, "बुधवारी पाणी बदलायचं राहिलं, बाई. माझ्यामुळे झालं."

मी तुला तेव्हा एक शब्द तरी बोलले का? आठव. पाणी आणून दिलं, डोक्यावरून हात फिरवला. तुझे वडील दुसऱ्या दिवशी तुमच्या वाडी भागातून आले, हात जोडून उभे राहिले, "बाई, पोरीनं तुमचं नुकसान केलं." मी म्हटलं, "असू द्या, धनाजीराव. लहान आहे." असं कोण म्हणतं? कुठली बाई म्हणेल?

लाज झाकली म्हणतेस, तर झाकली समज. उपकार समज. आणि त्या उपकाराचं पांघरूण स्वतःच्या लबाडीवर ओढू नकोस.

सरोजिनी मोहिते


सुभानपुरा
९ डिसेंबर २०२४

आकांक्षा,

तुझं उत्तर आलेलं नाही, आणि मागच्या पत्राला ते यावं अशी माझी लायकीही नाही.

मी पत्राची नक्कल ठेवते, शाळेपासूनची खोड. ती ह्यांच्या हाती लागली. जेवायला बसलो तेव्हा मला म्हणाले, "सरोज, सुभेदाराचं वाक्य तू लिहिलंस ते चांगलं लिहिलंस. वर्षभर स्वतःला दोष देत होतो."

मी म्हटलं, "मग?"

"वर्षभर म्हणजे एक वर्ष. पोरीची सहा होत आली."

मी ताट सरकवलं. म्हटलं, तुम्हाला त्यातलं काय कळतं? तुम्ही तर तेव्हा छातीला टाके घालून पडला होतात. ते म्हणाले, "पडलो होतो, बहिरा नव्हतो. तू मला तिथेच सांगितलं होतंस. आता तू तिला सांगतेस की मी सांगू?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ह्या वयात घरात दोनच माणसं, त्यातलं एक रुसलं की दुसऱ्याला रेडिओ लावावा लागतो. त्यांनी तोही लावला नाही.

म्हणून लिहिते. सरळ लिहिते.

ती जोडी मी नंतर आणली नव्हती. आधीच आणली होती.

२०१९ च्या जानेवारीत सुरतेला प्रदर्शन होतं. तू परीक्षा म्हणून आली नव्हतीस. तिथे एक जोडी बघितली, लाल डोळ्यांची, आणि मला मोह झाला. घरी आणून मागच्या खोलीतल्या वेगळ्या टाकीत ठेवली. नवा मासा चाळीस दिवस वेगळ्या टाकीत, वेगळी जाळी, वेगळी बादली, हा नियम. माझ्या तोंडून तू तो इतक्यांदा ऐकला आहेस की तुझ्या दुकानात तो भिंतीवर लावला आहेस. मी आले त्या दिवशीही होता. काच मी दुसऱ्याच पाटीची फोडली.

बारा दिवस झाले आणि ह्यांच्या ऑपरेशनची तारीख आली. तुझ्यावर एक जास्तीची टाकी कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मासे ठणठणीत दिसत होते आणि मला कंटाळा आला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ती जोडी मोठ्या टाकीत सोडली. तू आलीस तेव्हा म्हटलं, "ही दोन मागच्या टाकीतली, आपलीच."

त्यांच्या अंगात रोग होता. त्यांना स्वतःला काही होत नव्हतं, दुसऱ्यांना लागत होता. एकतीस गेले आणि ते दोघं उरले, हे बघितल्याबरोबर, गच्चीच्या दारात उभ्या उभ्या, मला सगळं कळलं. तू फरशीवर बसून 'माझ्यामुळे' म्हणत होतीस तेव्हा मला माहीत होतं. पाणी आणायला खाली गेले तेव्हा माहीत होतं. स्वयंपाकघरात ग्लास भरताना मी ठरवलं की वर गेल्यावर सांगायचं. वर गेले आणि तू ग्लास घेऊन म्हणालीस, "तुम्ही किती चांगल्या आहात, बाई."

त्यानंतर सांगणं जमलं नाही. असं लिहिलं की किती सोपं वाटतं. 'जमलं नाही'! सांगितलं नाही. बुधवारचं पाणी एकदा राहिल्यानं कुठलाही डिस्कस मरत नाही, हे मी वर्गात शंभरदा शिकवलं असेल. तुला एकदा सांगितलं नाही.

ह्यांना मुंबईला परत गेल्यावर सांगितलं. ते म्हणाले, पोरीला सांग. मी म्हटलं, बघू. नंतर ते विचारायचे थांबले आणि मला वाटलं विसरले.

आणि पुढचं तू पत्रात लिहिलं नाहीस, कारण ते माझ्याशी जोडलेलं आहे हे तुला ठाऊकच नाही. त्या जूनमध्ये तुझं चेन्नईला नाव लागलं होतं, मत्स्यपालनाच्या कोर्ससाठी. धनाजीराव म्हणाले, "नऊ दिवस बाईंचे मासे सांभाळता आले नाहीत, तिथे काय दिवे लावणार?" तू माझ्याकडे आलीस. मी काय म्हटलं? "वडिलांचं बरोबर आहे. आधी हात बसू दे. इथेच राहा, मी आहे." तू राहिलीस. टाक्या घासल्यास, पिल्लं वाढवलीस, माझे गुडघे गेल्यावर जिने चढलीस. मला बरं वाटलं, आकांक्षा. हे लिहिताना मला माझाच इतका संताप येतोय की अक्षर बिघडतंय.

तुझ्यावरचा रागही गेलेला नाही, हे लक्षात ठेव. हार्मोनवाली पिल्लं तू विकलीस, ते मी करायला लावलं नव्हतं. माझ्या पापानं तुझं धुऊन निघत नाही. पण ग्रुपवर मी तुला शिक्षा देत बसले ती कुठल्या तोंडानं, ते मला आता कळत नाही.

त्याच ग्रुपवर मी हे सगळं लिहिणार आहे. सुरतची जोडी, बारा दिवस, लाल डोळे, सगळं. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र.

सरोजिनी


सुभानपुरा
१७ जानेवारी २०२५

आकांक्षा,

तू सांगून गेलीस, "झालं की कळवा. फोन करू नका, लिहा." झालं, म्हणून लिहिते.

ग्रुपवर काय झालं ते तू वाचलंच असशील.  आधी एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं, म्हणजे काय ते मला कळलं नाही. नंतर सुरू झालं. सहा वर्षांत ज्यांनी माझ्या नावाचे मासे घेतले त्यांनी विचारलं, आमच्याकडे आहेत ते कुठले? सुरतचे, मी लिहिलं. प्रत्येकाला वेगळं लिहिलं. एका बाईंनी लिहिलं, 'आम्ही तुम्हाला गुरू मानत होतो.' 

पण तू २९ डिसेंबरला आलीस तेव्हा हे सगळं एका वाक्यात उडवून लावलंस. तुला सगळं आठवत असेलच, तरी मी ते लिहून ठेवते, कारण तेरा वर्षांत मी पहिल्यांदाच तुझं बोलणं न तोडता ऐकलं.

हे दार उघडून "ये बेटा" म्हणाले. तू त्यांच्या पाया पडलीस, माझ्या पडली नाहीस. बस म्हटलं, बसली नाहीस.

"तुम्ही मला पाणी आणून दिलंत," तू म्हणालीस.

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी म्हटलं, तुम्ही किती चांगल्या आहात. तेव्हाही?"

"हो, आकांक्षा."

तू खिडकीकडे तोंड करून उभी राहिलीस. मला वाटलं रडतेस. वळलीस तेव्हा डोळे कोरडे होते आणि तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. म्हणालीस, "सहा वर्षांत मी एकदाही गावाबाहेर मुक्काम केला नाही. मावशीच्या लग्नाच्या पंचविशीला सगळे महाबळेश्वरला गेले, मी दुकानात. लोक म्हणायचे काय धंद्याची ओढ! ओढ कसली, बाई? मला वाटायचं मी गेले की काहीतरी मरतं."

मी काहीतरी बोलायला गेले, तू हात वर केलास. वर्गात मी करायची तसाच.

"मी सुभेदारांकडे जाऊन आले. त्यांनी मला दारातच उभं ठेवलं, पण ऐकून घेतलं. मी सांगितलं, मला माहीत होतं आणि तरी विकले. ते म्हणाले, ठीक आहे, जा. मी गेले. आता तुमची पाळी."

"मी ग्रुपवर लिहिलं ना."

"ग्रुपवर लिहायला काय लागतं? अंगठा लागतो. तुम्ही माझ्या पप्पांना सांगा. समोर बसून. चारशे लोक मला काय समजतात त्याचं मी बघून घेईन. ते एक माणूस मला काय समजतात ते तुम्ही बदला. तुम्हीच केलंय."

दारात जाऊन परत वळलीस. "आणि तुमच्या नावाचं शिफारसपत्र, पाटी, काही मला नको. दुकानाला माझं नाव चालेल."

तू गेल्यावर हे म्हणाले, "चांगली शिकवलीस पोरगी." मी त्यांच्यावरही ओरडले.

मग मी सतरा दिवस काढले. खरं सांगते, घाबरले होते. आधी थंडी, मग गुडघा, मग म्हटलं उत्तरायणाच्या पतंगांच्या धामधुमीत कसं जायचं? १५ तारखेला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, वाशी उत्तरायणाला, हेच रिक्षा घेऊन दारात उभे राहिले. "चल. मी खाली थांबतो."

वाडीत सगळं जग गच्च्यांवर होतं. गाणी, पतंग कापला की "काप्यो छे"च्या आरोळ्या, भोंगे. तुमच्या जिन्याला दोरी बांधली आहे ते बरं, तिला धरून चढले. घरात एकटे धनाजीराव होते, पाय खुर्चीवर, समोर टीव्ही. मला बघून उठायला लागले. "अरे बाई! या या. आकांक्षा वर आहे, हाक मारू?"

"नको. मी तुमच्याकडे आले आहे."

त्यांनी टीव्ही बंद केला. खोलीत आणखी कुणी नव्हतं, वरून पोरांचा नाच ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं. एका दमात नाही सांगता आलं. दोनदा मधेच माशांचं शास्त्र सांगायला लागले, रोग कसा पसरतो वगैरे, मग माझ्याच लक्षात आलं की मी पळते आहे. थांबले. म्हटलं, "धनाजीराव, तुमच्या मुलीनं माझे मासे मारले नाहीत. मी मारले. मला त्याच दिवशी माहीत होतं. तुम्ही माझ्यासमोर हात जोडलेत तेव्हा माहीत होतं."

ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांना किती वर्षं ओळखते! शाळेत पालकसभेला सगळ्यात मागे उभे राहायचे, युनिफॉर्ममध्येच, ड्युटीवरून आलेले. कधी मोठ्यानं बोललेले ऐकले नाहीत.

"चेन्नईचं पत्र आलं होतं तिचं," ते म्हणाले. "ॲडमिशनचं. मी फाडलं. तिच्यासमोर फाडलं, बाई."

मला हे माहीत नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस.

"मी म्हटलं, बाईंसारख्या देवमाणसाचं नुकसान केलंस तू. तुला कुठं पाठवायची माझी हिंमत नाही." त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की वरच्या भोंग्यात मला अर्धं ऐकू येईना. "तुमच्या शब्दावर मी माझ्या पोरीला बोललो. रोज बोललो. दूध उतू गेलं तरी तेच काढायचो. बाईंचे मासे."

मी माफी मागितली. 

ते उठले, गुडघ्यावर हात देऊन. मला वाटलं दार दाखवतील, आणि मी उठलेही. ते स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवल्याचा आवाज आला, आलं किसल्याचा, डबा उघडल्याचा. मी पुन्हा बसले. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. हातात एकच कप.

माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. म्हणाले, "घ्या बाई. घरी आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायची आमच्यात रीत नाही. पण मी तुमच्याबरोबर घेणार नाही."

ते समोर बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. चहा कडक होता आणि फार गरम. मी तो बशीत ओतला नाही, टाकून उठले नाही. त्यांच्यासमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग कप मोरीत नेऊन धुतला, पालथा घातला आणि दोरी धरून जिना उतरले.

सरोजिनी